सीझनिक फोकस जीएक्स-७५०: तीन वर्षांच्या वापरानंतर, आणि आधीचा एसएमपीएस उघडून पाहिल्यावर

एक्स्पोर्टची पट्टी दहा-बारा टक्क्यांवर आली की मशीन जायचं. निळा स्क्रीन नाही, एररची खिडकी नाही. खट् असा बारीक आवाज, सगळा अंधार, आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप पुन्हा चालू. मी माहितीपट आणि लांब मुलाखती एडिट करते, त्यामुळे रात्री एक्स्पोर्ट लावून झोपायचं आणि सकाळी तयार फाइल पाठवायची, यावर माझं काम चालतं. सलग पाच रात्री सकाळी उठून पाहावं तर समोर लॉगिनचा स्क्रीन.

मी रॅम बदलून पाहिली. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर काढून पुन्हा घातले. विंडोज नव्याने टाकलं, त्यात दोन दिवस गेले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी एकच नोंद: कर्नल-पॉवर ४१. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. नवं ग्राफिक्स कार्ड घालून महिना झाला होता, म्हणून माझा सगळा संशय कार्डावर. एसएमपीएसकडे, म्हणजे भिंतीतली वीज मशीनच्या भागांना पुरवणाऱ्या पॉवर सप्लायकडे, माझं लक्षही गेलं नाही, कारण त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ६५० वॉट लिहिलं होतं आणि माझ्या हिशेबाने तेवढे खूप झाले.

माझा मामेभाऊ यूपीएस आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, वॉट सांगू नकोस. बाजूच्या स्टिकरवर बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाच." मी टॉर्च घेऊन वाचलं: ३२. बारा गुणिले बत्तीस म्हणजे ३८४ वॉट. हा आकडा ऐकून तो काही क्षण गप्प बसला आणि मग त्याने माझ्या प्रोसेसरचा आणि कार्डाचा आकडा विचारला. एक्स्पोर्टमध्ये माझा प्रोसेसर १४० वॉटपर्यंत जातो, कार्ड २२० पर्यंत. मदरबोर्ड, चार डिस्क आणि पंखे धरले की ४२० च्या आसपास. आणि आजच्या कॉम्प्युटरमध्ये यातला जवळजवळ सगळा भार बारा व्होल्टवरच येतो.

मग ६५० कुठून आले? स्टिकरवर ३.३ आणि ५ व्होल्टच्या खालीही मोठेमोठे अँपिअर लिहिले होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये प्रोसेसरला ५ व्होल्टवरून वीज जायची, तेव्हा त्याला अर्थ होता. आता त्या दोन लाइनींवर जेमतेम काही दहा वॉट खर्च होतात. सगळ्या लाइनींची बेरीज करून खोक्यावर मोठा आकडा छापायचा आणि मशीनला खरोखर लागणारी लाइन अर्ध्यावर ठेवायची, हा प्रकार मला फसवणुकीसारखाच वाटतो. स्टिकरवर एकही आकडा कदाचित खोटा नसेल, पण खोक्यावरचा मोठा आकडा वाचून मी जे समजले ते खोटं होतं.

म्हणून आता नवा घेतलेला सप्लाय सांगते. सीझनिक फोकस जीएक्स-७५०. त्याच्या स्टिकरवर बारा व्होल्टची एकच लाइन आहे, ६२ अँपिअरची. म्हणजे ७४४ वॉट. ७५० लिहिलेत आणि बारा व्होल्टवर जवळजवळ सगळे मिळतात. ३.३ आणि ५ व्होल्टला मिळून १०० वॉट. दुकानात उभं राहून दोन सप्लाय हातात घेतलेत आणि दुसरं काहीच कळत नसेल, तर हा एक भागाकार करा: बारा व्होल्टचे वॉट भागिले खोक्यावरचे वॉट. चांगल्या आधुनिक सप्लायमध्ये उत्तर एकाच्या अगदी जवळ येतं. माझ्या जुन्यात ०.५९ आलं होतं.

परत जुन्या सप्लायकडे. त्या फोननंतरच्या रविवारी मामेभाऊ मल्टिमीटर घेऊन आला. त्याने डिस्कला जाणाऱ्या मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये टोकं घातली. पिवळी वायर बारा व्होल्टची, लाल पाचची, काळी ग्राउंड. मशीन नुसतं चालू असताना १२.०८ आणि ५.०६. मग मी एक्स्पोर्ट लावला. बारा व्होल्ट उतरत ११.४६ वर आले आणि त्याच वेळी पाच व्होल्ट चढत ५.२१ वर गेले. एक खाली, एक वर, जसा काही एकाच दांड्याला दोन्ही टोकांनी बांधलेला तराजू. एटीएक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या सप्लायसाठी ठरवलेलं मानक, त्याच्या नियमात दोन्हींना पाच टक्क्यांची सूट आहे: बारा व्होल्ट ११.४० च्या खाली जाता कामा नये, पाच व्होल्ट ५.२५ च्या वर. दोन्हीकडे आम्ही काठावर होतो, आणि मीटर दाखवतो ती सरासरी. ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी आपल्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी वर उसळी मारतं, ती उसळी मीटरला दिसत नाही, पण सप्लायला सोसावी लागते. व्होल्टेज फार घसरलं की सप्लाय मदरबोर्डाला जाणाऱ्या करड्या वायरवरचा 'वीज ठीक आहे' हा इशारा काढून घेतो, आणि बोर्ड तत्काळ सगळं सोडून रीसेट होतो. माझा तो अंधार म्हणजे हा इशारा.

तराजूचं कारण उघडल्यावर दिसलं. पण तुम्ही उघडू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मामेभावाने प्लग काढून रात्रभर ठेवला, सकाळी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा केला, मीटरने तपासला, आणि तोवर मला टेबलाच्या पलीकडे उभं केलं.

वीज आत शिरते त्या जागी बोर्डावर पांढऱ्या शाईत गोल चिन्ह छापलं होतं आणि दोन भोकं होती. भोकं रिकामी. तिथे एमओव्ही असायला हवा होता, म्हणजे लाइनीत अचानक व्होल्टेज उसळलं तर ते स्वतःवर घेणारी चपटी गोळी. डिझाइन करणाऱ्याने तिची जागा ठेवली होती, कारखान्यात कोणीतरी ती गाळली. तिच्या शेजारी फिल्टरच्या कॉइलच्या जागी दोन सरळ तारा डागून टाकल्या होत्या. आउटपुटच्या बाजूला दोन कपॅसिटरचे माथे फुगले होते आणि एकाच्या टोकावर तपकिरी, वाळलेली साय जमली होती. मोठ्या कपॅसिटरवर ८५ अंश सेल्सिअस लिहिलं होतं. आणि आउटपुटला बारा आणि पाच व्होल्टसाठी मिळून एकच जाडजूड वेढ्यांची कॉइल, म्हणजेच तो तराजू. याला ग्रुप रेग्युलेशन म्हणतात: दोन्ही लाइनींचं नियंत्रण एकत्र, त्यामुळे बारावर भार वाढला की नियंत्रक दोघांनाही वर ढकलतो, बारा पुरेसे चढत नाहीत आणि पाच नको तेवढे चढतात.

फोकस जीएक्समध्ये मुख्य भाग फक्त बारा व्होल्ट तयार करतो, आणि ५ व ३.३ व्होल्ट त्या बारातून वेगळ्या छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरांनी काढले जातात. तोच मीटर, तोच कनेक्टर, तोच एक्स्पोर्ट: बारा व्होल्ट १२.१० वरून १२.०५ झाले, पाच जागचे हलले नाहीत. आकडा वाचून मामेभाऊ मान हलवून म्हणाला, "याला म्हणतात सप्लाय." तीन वर्षांत एक्स्पोर्ट एकदाही तुटलेला नाही. काही अकरा-अकरा तासांचे होते.

कपॅसिटरच्या तापमानाविषयी थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण सप्लायचं आयुष्य बहुतेक वेळा तिथेच ठरतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. त्यामुळे १०५ अंशांचा कपॅसिटर आणि ८५ अंशांचा कपॅसिटर यांवर सारखेच तास लिहिलेले असले, तरी एकाच खोक्यातल्या एकाच उष्णतेत पहिला साधारण चौपट टिकतो. निप्पॉन केमी-कॉन, रुबिकॉन, निचिकॉन या जपानी कंपन्यांची नावं जाहिरातीत झळकतात ती यासाठी. पण नुसतं 'जपानी कपॅसिटर' वाचून भाळू नका. कधी मोठा एकच कपॅसिटर जपानी असतो आणि आउटपुटचे, जे जास्त तापतात, ते कोणाचेही. 'सगळे जपानी' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्या वाक्याला वजन आहे.

आता ८० प्लसचा बिल्ला, म्हणजे कार्यक्षमतेची खूण: भिंतीतून ओढलेल्या विजेतली किती टक्के मशीनला पोहोचते. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक सप्लाय या एका बिल्ल्यावर घेतात, आणि जुन्या सप्लायवर मीही तो पाहिला होता. ही खूण २००४ पासून आहे आणि तिचा अर्थ खरा आहे, पण अरुंद आहे. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्ड हा दर्जा मिळवायला २० टक्के भारावर ८७, ५० टक्क्यांवर ९० आणि पूर्ण भारावर ८७ टक्के कार्यक्षमता लागते, ब्राँझला ८२, ८५, ८२. चाचणी २३ अंश तापमानात होते. बंद कॅबिनेटमध्ये, तापलेल्या कार्डाच्या शेजारी, २३ अंश कुठून असणार? आणि व्होल्टेज किती डगमगतं, आउटपुटच्या व्होल्टेजमध्ये बारीक तरंग किती उरतात, शॉर्ट सर्किट झालं तर सप्लाय वेळेत बंद होतो का, हे त्यात तपासलंच जात नाही. तरंगांची मर्यादा एटीएक्समध्ये आहे, बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट, पाचवर ५०. ते पाहायला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लागतं. म्हणून मी घेण्याआधी सायबेनेटिक्सचे अहवाल वाचले. ही संस्था कार्यक्षमतेसोबत आवाजही मोजते आणि तरंग, होल्ड-अप (त्याविषयी पुढे सांगते) यांचे आकडेही मॉडेलनिहाय देते. तक्ते पहिल्यांदा डोळ्यांवर येतात. दोन मॉडेलचे अहवाल शेजारी उघडून तोच रकाना वाचलात की समजायला लागतात.

गोल्ड घेतल्याने वीज वाचते का? वाचते, पण हिशेब करून पाहा. माझा भार ४०० वॉट धरला, तर ८५ टक्क्यांचा सप्लाय भिंतीतून ४७० वॉट ओढेल आणि ९० टक्क्यांचा ४४४. फरक २६ वॉट. रोज चार तास असं वर्षभर चालवलं तर ३८ युनिट. एवढ्यासाठी कोणी महाग सप्लाय घेऊ नये. खरा फायदा उष्णतेत आहे: एका डब्यात ७० वॉटची उष्णता कोंडते, दुसऱ्यात ४४ ची, आणि वरचा कपॅसिटरचा नियम लावलात तर कोणता जास्त जगेल ते सांगायला नको. शिवाय पंख्याला कमी धावावं लागतं. फोकस जीएक्सला मागे एक बटण आहे, त्याने हलक्या भारावर पंखा पूर्ण थांबवता येतो. मी ते वापरत नाही. माझं मशीन तासन् तास तापतं, आणि पंखा मंद फिरत राहिलेला मला बरा वाटतो. १२० मिलिमीटरचा फ्लुइड बेअरिंगचा पंखा आहे. मुलाखतीतला हळू आवाज ऐकताना तो मला हेडफोनशिवायही आड येत नाही.

एक गोष्ट मी घेताना विचारातही घेतली नव्हती आणि आता तीच मला सर्वांत मोलाची वाटते. माझं मशीन यूपीएसवर आहे. वीज गेली की यूपीएस बॅटरीवर जायला ५ ते १० मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ सप्लायने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन तगवायचं असतं, याला होल्ड-अप म्हणतात, आणि एटीएक्सच्या जुन्या नियमाप्रमाणे तो पूर्ण भारावर किमान १६ मिलिसेकंद हवा. आधीच्या सप्लायचा मोठा कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा होता. भार कमी असताना निभायचं, एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली की यूपीएस शिटी वाजवत सुरू आणि मशीन बंद! मी यूपीएसची बॅटरी बदलून घेतली होती, काही दोष नसताना. नवा सप्लाय आल्यापासून वीज गेल्याचं मला यूपीएसच्या शिटीवरूनच कळतं. यूपीएस घेताना मात्र एक पाहा: अशा सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट, असतं आणि ते चौकोनी लहरीच्या स्वस्त यूपीएसवर कधी कधी रुसतं. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर प्रश्नच येत नाही. सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आहे का, ते मागे पाहूनही बऱ्याचदा कळतं. ११५ आणि २३० मध्ये सरकवायचं लाल बटण असेल तर नाही.

कंपनीचं नाव पाहून घ्यावं का? अर्धवट उत्तर देते. सीझनिक ही १९७५ पासूनची तैवानी कंपनी आपले सप्लाय स्वतः बनवते आणि इतरांनाही बनवून देते. कोर्सेअरसारखी कंपनी डिझाइन आणि चाचणी पाहते, पण तिच्या आरएमएक्स मालिकेमागे चॅनल वेल हा कारखाना आहे, आणि त्या मालिकेचं नाव चांगलंच आहे. एकाच कंपनीच्या खालच्या आणि वरच्या मालिका वेगवेगळ्या कारखान्यांतून येऊ शकतात. तेव्हा नावाने नव्हे, मालिकेने आणि मॉडेलने शोधा. 'अमुक कंपनीचा घे, डोळे झाकून घे' हा सल्ला देणाऱ्याने बहुधा त्या कंपनीचा एकच सप्लाय वापरलेला असतो.

किमतीचं बोलायचं तर हा मला जुन्याच्या अडीचपट पडला. जुना तीन वर्षंही धड चालला नाही, त्याची वॉरंटी एका वर्षाची होती. फोकस जीएक्सची दहा वर्षांची आहे. जो बनवणारा दहा वर्षं बदलून द्यायला तयार आहे, त्याने आत काय घातलंय याचा मला अंदाज येतो, आणि वर्षाचा भाग काढला तर महाग कोणता होता ते सरळच दिसतं. त्यात माझे पाच एक्स्पोर्ट, विंडोज टाकण्यातले दोन दिवस आणि यूपीएसची बॅटरी मी धरलेलीच नाही.

७५० मात्र मला लागत नव्हते. ४२० च्या भाराला ६५० चा, बारा व्होल्टवर ५४ अँपिअरचा धाकटा भाऊ अगदी पुरला असता. पुढे मोठं कार्ड घेईन म्हणून मी ७५० घेतला आणि ते कार्ड अजून आलेलं नाही. भाराच्या दीडपट धरा, त्याहून वरचे पैसे चांगल्या मालिकेवर घाला. हजार वॉटचा सामान्य सप्लाय घेण्यापेक्षा ६५० चा उत्तम घेतलेला कधीही चांगला.

आणि तुम्ही आज अगदी वरचं नवं कार्ड घेणार असाल, तर माझा हा जुन्या आवृत्तीचा नमुना तुमच्यासाठी नाही. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये सप्लायने १०० मायक्रोसेकंदांची दुप्पट उसळीसुद्धा सोसावी असं आलं, ६०० वॉटपर्यंतचा बारीक पिनांचा नवा कनेक्टर आला, आणि त्याच वर्षी तो वितळल्याच्या घटनाही झाल्या. नंतरच्या ३.१ मध्ये त्याचं सुधारलेलं रूप आहे. असा कनेक्टर असेल तर तो फट दिसेनाशी होईपर्यंत आत बसवा. जुन्या आठ पिनांच्या कार्डाला, एका कनेक्टरवर १५० वॉट धरून, दोन कनेक्टर असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल न्या. एकाच केबलच्या दोन फाट्यांवर सगळा भार टाकू नका.

केबलचं आणखी एक, आणि हे सगळ्यांत जपून. फोकस जीएक्सच्या सगळ्या केबल सुट्या होतात. मशीनच्या बाजूचे कनेक्टर ठरलेले असतात, पण सप्लायच्या बाजूला कोणत्या पिनेवर काय, याचा काहीच नियम नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचं वेगळं. माझ्या एका सहकारिणीने नवा सप्लाय घातला आणि डिस्कच्या जुन्या केबल नीट बांधलेल्या होत्या म्हणून तशाच ठेवल्या. कनेक्टर सहज बसले. पाच व्होल्टच्या पिनेवर बारा व्होल्ट गेले आणि दोन डिस्क एका क्षणात गेल्या. एकीवर अकरा दिवसांचं चित्रीकरण होतं. तिने ते परत कधीच पाहिलं नाही. नवा सप्लाय आला की खोक्यातल्याच केबल लावायच्या, जुन्या कितीही सुबक बांधलेल्या असोत.

माझा जुना सप्लाय मामेभावाने फुगलेले कपॅसिटर बदलून दिला असता, तेवढं त्याला सहज येतं. मीच नको म्हटलं. एमओव्हीची भोकं रिकामीच राहिली असती. भंगारात टाकण्याआधी त्याने सप्लायच्या तोंडाशी सगळ्या वायर कात्रीने कापल्या, म्हणजे कोणी उचलून दुसऱ्या मशीनला लावणार नाही, आणि ६५० वॉटच्या स्टिकरवर मार्करने ३८४ लिहिलं.